शाकारणीचे दोन दिवस

कौलारू घर दर वर्षी शाकारावं लागतं. म्हणजे पाऊस लागायच्या आत कुणीतरी छपरावर चढायचं, फुटकी कौलं काढून नवी बसवायची, सरकलेली जागेवर आणायची, शेवाळ खरवडायचं, पन्हळीत साचलेला वर्षभराचा पालापाचोळा उपसायचा. हे काम एकट्यादुकट्याचं नाही. वर चढलेल्या माणसाला भोक दिसत नाही, कारण वर सगळीकडे ऊनच असतं. भोक दिसतं आतल्या माणसाला. दारं-खिडक्या लावून घरात अंधार केला, की जिथून उजेडाची तिरीप आत येते तिथून पावसात पाणी येणार हे ठरलेलं. मग आतल्या माणसाने काठीने खालून त्या कौलाला टकटक करायचं आणि वरच्याने ते हुडकायचं.

आमच्या घरी वर बाबा असायचे आणि आत आई.

मी लहान असताना हे दोन दिवस म्हणजे घरात नुसती धमाल असायची.

"अहो, इथं!" आई ओरडायची.

"इथं म्हणजे कुठं?"

"तुमच्या डाव्या पायाशी."

"डावा माझा की तुझा?"

"माझे दोन्ही पाय जमिनीवर आहेत."

"असू देत. घरात कुणाचे तरी असायला हवेत."

मी अंधारात जमिनीवर पडून वर बघत हे ऐकायचे आणि पोट धरून हसायचे. एकेक तिरीप विझत जायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळं छप्पर काळंकुट्ट झालं की बाबा वरून विचारायचे, "झालं का?" आणि आई म्हणायची, "झालं, या खाली."

मी चौदा वर्षांची असताना बाबा घर सोडून गेले. शहराच्या दुसऱ्या टोकाला पाणीपुरवठ्याचं पंपिंग स्टेशन आहे, तिथे ते मेकॅनिक होते. तिथल्याच ऑफिसात टायपिंग करणाऱ्या एका बाईंकडे ते राहायला गेले. भांडण नाही, तंटा नाही. एका रविवारी आईशी स्वयंपाकघरात तासभर बोलले, मग एक बॅग घेऊन निघाले. मला म्हणाले, "अभ्यास कर." मी मान वळवली. ती वळवलेली मान मी पुढे सतरा वर्षं सरळ केली नाही.

त्या बाईंचं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही. आई फक्त "तिकडची" म्हणायची, तेही रागाने नव्हे. एखाद्याला गावाचा पत्ता माहीत नसला की तो जसं हात लांब करून दाखवतो, तसं.

आई एका बाइंडरसाठी घरी पुस्तकं शिवायची. छापून आलेल्या फर्म्यांचे गठ्ठे घरात भिंतीला लागून रचलेले असत. सुई-दोऱ्याने एकेक फर्मा जोडून पुस्तक उभं करायचं आणि बाइंडरकडे पाठवायचं. कागदाला पाणी लागलं की सगळंच मुसळ केरात. त्यामुळे बाबा गेल्यावर पहिला उन्हाळा लागला तशी आईच्या जिवाला घोर लागला. शाकारायला कुणाला बोलवावं, आत काठी घेऊन कोण उभं राहणार, मला जमेल का, अशी आमची चर्चा चालली होती, तोवर शाळांना सुट्टी लागली आणि पहिल्याच शनिवारी सकाळी छपरावर पावलं वाजली.

बाबा होते. शेजारून शिडी मागून परस्पर वर चढले होते. आई उठली, खिडक्या लावल्या, दार लोटलं, कोपऱ्यातली काठी घेतली आणि टकटक केलं.

"इथं का?" वरून आवाज आला.

आईने पुन्हा टकटक केलं. "अहो" म्हणणं तिने सोडून दिलं होतं, आणि दुसरं काय म्हणायचं हे तिला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून दर वर्षी हेच. सुट्टी लागली की पहिल्या शनिवारी ते यायचे, शनिवार-रविवार काम करायचे. आई ओट्यावर ताट ठेवायची, ते पायरीवर बसून जेवायचे, ताट धुऊन पालथं ठेवायचे. निरोप नाही, फोन नाही. बोलणं काय ते कौलांतून. पुढे पुढे त्यात एखाददुसरं वाक्य वाढलं, असं आईच नंतर सांगायची. "पोरीचा निकाल लागला?" "लागला." "कसा?" "चांगला." टकटक. "डोळे कसे आहेत तुझे?" "सुई ओवता येते अजून." टकटक.

मी त्या दोन दिवसांत घरी थांबत नसे. आधी मैत्रिणीकडे जायचे. नंतर नोकरी लागली, लग्न झालं, तेव्हा तर प्रश्नच उरला नाही. मी एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. माझं घर आईपासून वीस मिनिटांवर आहे. एरवी एक दिवसाआड मी तिच्याकडे जायचे, पण ते दोन दिवस सोडून.

आईला मी कितीदा म्हटलं, "पत्रे घालून टाकू. दर वर्षीची कटकट जाईल."

"पत्र्याखाली उकडतं."

"पंखा आहे ना."

"पंख्याने माझे कागद उडतात."

"मग स्लॅब टाकू."

"भिंती मातीच्या आहेत बाई, स्लॅबखाली बसतील मटकन." तिच्याकडे उत्तर तयारच असायचं. मला वाटायचं, बाई हट्टी आहे. मला त्यातलं काही कळत नव्हतं, असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

या वर्षी सुट्टी लागली आणि पहिला शनिवार कोरडा गेला. आईने नवी कौलं अंगणात काढून पुसून ठेवली होती. दुसरा शनिवारही गेला. त्यानंतरच्या सोमवारी तिचा मला कामावर फोन आला. ती कधी कामावर फोन करत नाही.

"जरा पंपावर जाऊन ये."

"कशाला?"

"नुसतं लांबून बघून ये. बोलू नकोस हवं तर."

मी चिडले, पण गेले. पंपिंग स्टेशनमध्ये मी लहानपणी बाबांच्या सायकलवरून जायचे. तेच मोठं शेड, तीच निळ्या रंगाची धूडं, तोच तेलाचा वास, आणि कानठळ्या बसवणारी घरघर. दाराशी स्टुलावर बाबांच्या बरोबरचे ऑपरेटर काका बसले होते. पार म्हातारे झाले होते. त्यांनी मला ओळखलं आणि ते उठून उभे राहिले.

"तुम्हाला कळवलं नाही कुणी?" ते ओरडले. पंपांच्या आवाजात ओरडल्याशिवाय ऐकूच येत नाही.

"काय?"

"चार महिने झाले, पोरी! किडन्या गेल्या होत्या! आम्हाला वाटलं तिकडून कळवलं असेल! तिकडच्यांना वाटलं असेल, आम्ही सांगू!"

माझे वडील गेल्याची बातमी मी अशी आरडाओरड्यात ऐकली. मी मोठ्याने विचारलं, "कुठल्या तारखेला?" त्यांनी मोठ्याने तारीख सांगितली. बाजूने एक माणूस तेलाचा डबा घेऊन गेला, त्याने आमच्याकडे वळून पाहिलं. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मग काय करावं न सुचून तो काढून घेतला.

आईकडे पोचले तेव्हा ती एका जाड पुस्तकाचे फर्मे शिवत होती. माझा चेहरा बघून तिने सुई कागदात टोचून ठेवली. मी सांगितलं. ती रडेल, कोसळेल, म्हणून मी जवळ बसले होते. ती म्हणाली, "कुठली तारीख म्हणालीस?"

मी पुन्हा सांगितली. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, पानं मागे उलटली. बाइंडरचे दिवस ती त्यावर लिहून ठेवते. त्या तारखेच्या चौकोनात तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'चष्मा'.

"त्या दिवशी मी चष्म्याची काडी बसवून आणायला गेले होते," ती म्हणाली. "येताना मुद्दाम लांबून आले. हवा बरी होती." मग कॅलेंडर मांडीवर ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. "मला काहीच वाटलं नाही गं त्या दिवशी. काहीतरी वाटायला हवं होतं ना? काडी बसली म्हणून मी खूश होते."

मी तिचा हात धरला. सुईने घट्टे पडलेली तिची बोटं गार पडली होती.

"मला तिकडे घेऊन चल," ती म्हणाली.

मी चार दिवस टाळाटाळ केली. पाचव्या दिवशी ती स्वतःच तयार होऊन माझ्या दारात उभी राहिली. तेव्हा गेलो. काकांनी पत्ता दिला होता. सिमेंटची जुनी तीनमजली इमारत, त्यात दुसऱ्या मजल्यावरचं घर. दार उघडलं ते एका किरकोळ बांध्याच्या, पिकल्या केसांच्या बाईंनी. जाड चष्मा, हातात फडकं. माझ्या डोळ्यांसमोर इतकी वर्षं कुणी वेगळीच बाई होती. ती या बाईंना पाहून कुठे गेली कोण जाणे. त्यांनी आईला एकदाच नीट पाहिलं आणि ओळखलं.

"या," त्या म्हणाल्या.

खोलीत दोन खुर्च्या होत्या. आम्हाला त्यावर बसवून त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. पाणी दिलं.

"कळवायला हवं होतं," शेवटी त्याच म्हणाल्या. "चारदा कागद घेऊन बसले. काय नात्याने कळवू, तेच सुचेना."

"त्रास झाला का फार?" आईने विचारलं.

"शेवटी शेवटी झाला." त्या फडक्याची घडी घालत होत्या, मोडत होत्या. "मागच्या वर्षी तुमच्याकडून आले तेच तापाने फणफणलेले. दर वर्षी जायचे, मी कधी अडवलं नाही. मला काय अधिकार अडवायचा? दोन दिवस जायचे, परत आले की दोन दिवस बोलायचे नाहीत, मग पुन्हा सुरळीत. मागच्या वर्षी मात्र तीन दिवस लागले. त्या तिसऱ्या दिवशी ऊन असं होतं की रस्त्यावरचं डांबर वितळलं होतं. संध्याकाळी आले ते जिना धरून धरून. लघवी लाल झालेली. रात्रीच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, साखरेने किडन्या आधीच अर्ध्या खाल्ल्या होत्या, उरलेलं उन्हाने केलं. त्यानंतर ते नीट असे उठलेच नाहीत. सात-आठ महिने काढले."

आई खुर्चीत ताठ झाली होती. मी तिच्याकडे बघितलं आणि मला वाटलं, हिला भोवळ येणार. पण ती स्वच्छ आवाजात बोलली.

"तिसरा दिवस माझ्यामुळे लागला."

बाईंना कळलं नाही. मलाही नाही.

"दोन दिवसांत होतं ते काम," आई म्हणाली. "कौलं मी सरकवली होती. आतून, काठीने. ते यायच्या आधी आठ दिवस रोज थोडी थोडी. काही फोडलीही. मला तीन दिवस हवे होते."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू होत नव्हती. तेवढाच आवाज. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे मला का सांगितलंत?" त्या म्हणाल्या.

"खरं आहे म्हणून."

"खरं होतं तर तुमच्यापाशी ठेवायचं होतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी चार महिने मनाला समजावते आहे, ऊन होतं, आजार होता, वय होतं. आता काय समजावू? आता मला रोज सकाळी उठून तुमचा राग करावा लागणार. माझ्यात तेवढं बळ राहिलेलं नाही हो."

बाई उठल्या, दार उघडून बाजूला झाल्या. आम्ही बाहेर पडलो. दार त्यांनी आपटलं नाही. हळूच लावलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

बस स्टॉपवर आम्ही बाकावर बसलो. दोन बसेस गेल्या, आई उठली नाही.

"कधीपासून करत होतीस हे?" मी विचारलं.

"तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून. आधी पाच-सहाच कौलं. एका वर्षी त्यांचं काम रविवारी दुपारीच संपलं आणि ते चारला निघून गेले. मला फार वाईट वाटलं गं. संध्याकाळ सगळी तशीच पडून राहिली. म्हणून पुढच्या वर्षी थोडी सरकवली. संध्याकाळ तरी भरावी म्हणून." ती स्वतःच्याच बोलण्यावर हसली, कसनुसं. "मागच्या वर्षी ते साठीला आले होते. शिडीवर चढताना थांबत होते. मला वाटलं, आता फार तर दोन-तीन वर्षं येतील. हाव सुटली मला. चाळीसेक कौलं तरी हलवली."

"त्यांच्या लक्षात आलं नाही?"



"रविवारी दुपारी ते म्हणाले, 'यंदा फारच सरकलीत.' मी म्हटलं, 'वारा होता मोठा.' मग वरून काहीच आवाज येईना. मला वाटलं, उतरले की काय. आणि मग म्हणाले, 'वारा आतून आला असेल.'"

"मग?"

"मग काय. म्हणाले, 'उद्या येतो परत.' आणि आले." तिने पदर तोंडाशी धरला, पण रडली नाही. "माहीत होतं त्यांना. तरी आले."

मी रोज हेच रिपोर्ट बघते. मी तिला समजावलं, की किडन्या एका दिवसात जात नाहीत, वर्षानुवर्षं लागतात. तो तिसरा दिवस नसता तर दुसरं काही निमित्त झालं असतं. हे सगळं खरं होतं. लहान मूल काही सांगत असलं की मोठी माणसं जशी मान डोलावतात तशी ती मान डोलावत होती.

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही, आजवर सांगितलेली नाही. सतरा वर्षांत एका शनिवारी जरी मी त्या ओट्यावर असते, तरी बाबांच्या पायांवरची सूज मला एका नजरेत कळली असती. तिथल्या तिथे रक्त काढून घेतलं असतं. माझ्या पर्समध्ये सुया असतात. परक्या माणसांच्या पायांकडे मी रस्त्याने जाता-येता बघते, ती माझी खोडच आहे. फक्त वडिलांचे पाय बघायचे नाहीत, असं मी ठरवलं होतं.

आठवडाभराने आई म्हणाली, "पत्रे घाल."

मी पुन्हा विचारलं नाही. ढग जमायला लागले होते, वेळ नव्हता. मिस्त्री आणि त्याची दोन माणसं आली. मी रजा काढली. कागदांचे गठ्ठे, भांडी, अंथरुणं शेजारच्या वहिनींकडे हलवली. कौलं उतरवायला सकाळी सातला सुरुवात झाली. एकाने वरून द्यायची, एकाने शिडीवर झेलायची, एकाने अंगणात रचायची. खालच्या लाकडी पट्ट्या, रिपा, त्याही कुजल्या होत्या, त्याही काढल्या. दुपारी बारापर्यंत छप्पर म्हणून काही उरलं नाही. नुसते वासे, आणि वर आभाळ.

घरात इतका उजेड कधी आला नव्हता. चुलीमागची काजळी, कपाटामागची भिंतीची न विटलेली पट्टी, कोळ्यांची जाळी, सगळं उघडं पडलं होतं. माणसं जेवायला बसली होती. एक जण वर वाशावरच बसून डबा खात होता. आई आत गेली. आत राहिलेला झाडू घ्यायला गेली असेल, असं मला वाटलं.

आणि मग तो आवाज आला.

मी माझ्या आईला कधी मोठ्याने रडताना ऐकलं नव्हतं. बाबा गेले त्या रविवारीही नाही. ती रिकाम्या खोलीच्या मधोमध उभी राहून, दोन्ही हात पोटावर दाबून, गुरासारखा हंबरडा फोडून रडत होती. आणि तो आवाज अडवायला वर काही नव्हतं. तो सरळ वर गेला आणि गल्लीभर पसरला. वाशावरचा माणूस डब्यातला घास हातात धरून तसाच राहिला.

शेजारच्या वहिनी ओल्या हातांनीच धावत आल्या. समोरचे म्हातारे मास्तर आले, त्यांची सून आली, कोपऱ्यावरचा सायकलवाला आला. इतक्या वर्षांत या गल्लीने आईला फक्त डोळ्यांनी प्रश्न विचारले होते.

"काय झालं? काय लागलं? कौल पडलं का डोक्यात?"

आईच बोलली.

"माझा नवरा गेला हो," ती म्हणाली. "माझा नवरा गेला."

कुणी म्हटलं नाही की तो तर कधीच गेला होता. मास्तरांनी चष्मा काढला. वहिनी आईच्या शेजारी जमिनीवर बसल्या, त्या धुळीत, आणि त्यांनी तिला कुशीत घेतलं. मी दुसऱ्या बाजूला बसले आणि तेव्हा मलाही रडू फुटलं, सतरा वर्षांचं.

मिस्त्री दारात आला. त्याने एकदा अंगणात पडलेल्या पत्र्यांकडे पाहिलं, एकदा वर भरून आलेल्या आभाळाकडे. मग वाशावरच्या माणसाला त्याने हाताने खूण केली, खाली ये. तिघेही बाहेर भिंतीला टेकून बसले. तासभर झाला, थेंब-थेंब पडायला लागले, आम्ही तिथेच होतो. कुणी कुणाला घाई केली नाही.